देखभाल: शून्य

माझ्या मोठ्या बहिणीकडून मी एका कागदावर सही घेतली आणि त्या कागदात काय लिहिलं आहे ते तिला खोटं सांगितलं. ही माझी चूक. 'चूक' हा शब्दही मी सोयीने वापरतो आहे, कारण चूक नकळत होते. हे मी आठ दिवस आधी ठरवलं होतं. विमानात बसून तिला सांगायची वाक्यंसुद्धा जुळवली होती.

कागद हक्कसोड पत्राचा होता. आमच्या वडिलांच्या जळगावच्या घरात आम्हा दोघांचा निम्मा निम्मा वाटा होता. तिचा वाटा त्या कागदाने माझ्याकडे आला. मी तिला म्हणालो होतो, "आबांच्या नंतर घराच्या उताऱ्यावर आपली दोघांची नावं लावायची आहेत. त्याला सही लागते." ती धुळ्याहून पहिल्या एसटीने आली आणि सही करून संध्याकाळच्या एसटीने परत गेली.

याला सात वर्षं झाली. तेव्हा मी चव्वेचाळीस वर्षांचा होतो, म्हणजे लहानपणाच्या नावावर खपवता येईल असंही हे नाही.

आबा भुसावळला रेल्वेत होते. आमचं लहानपण क्वार्टरमध्ये गेलं. तिथे भिंतीला खिळा ठोकायचा तरी आई म्हणायची, "सरकारची भिंत आहे, जपून." निवृत्त झाल्यावर आबांनी जळगावला एका कॉलनीत प्लॉट घेऊन तीन खोल्यांचं घर बांधलं. पैसे स्लॅबपर्यंत पुरले. जिना वर नेला आणि गच्चीवर चार कोपऱ्यांत पुढच्या मजल्यासाठी सळया उभ्या सोडल्या. त्या सळया आमच्या घराची खूणच झाल्या. रिक्षावाल्याला आई सांगायची, "ते सळयांचं घर." आबा गच्चीवर खाट टाकून बसले की एखाद्या सळईला हात लावून म्हणायचे, "खाली भाऊ, वर अक्का." भाऊ म्हणजे मी. अक्का माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तेव्हा तिचं लग्न होऊन ती धुळ्याला गेली होती आणि दाजींबरोबर भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होती. आबांचं बोलणं ऐकून ती हसायची. "आबा, आधी मजला तर चढवा."

मजला चढला नाही. आधी आई गेली, काही वर्षांनी आबा गेले. मी तोवर जर्मनीत स्थिरावलो होतो. यंत्रांचे आराखडे काढायचं माझं काम. शहर मध्यम, बायकोला तिथलीच नोकरी, राहायला भाड्याचं घर. आणि आपल्या माणसाला भाड्याचं घर टोचतंच. शेजारचे जर्मन म्हातारा-म्हातारी तीस वर्षं त्याच भाड्याच्या घरात निवांत होते. कायदा भाडेकरूच्या बाजूने असल्यामुळे त्यांना कोणी हलवू शकत नव्हतं. मला मात्र वाटायचं, आपल्या नावाची वीट कुठेतरी हवी.

म्हणून मी एक तक्ता केला. माझ्या कामाची सवय, आडव्या उभ्या रेघा मारल्याशिवाय विचार होत नाही. एका रकान्याच्या डोक्यावर 'जळगाव' लिहिलं, दुसऱ्याच्या डोक्यावर 'इथे'.

घर घेताना जर्मनीत किमतीच्या वर जवळजवळ दहावा हिस्सा जातो. खरेदीचा कर, नोटरीची फी, जमिनीच्या सरकारी वहीत नाव चढवायची फी आणि दलाल असेल तर त्याचं निराळं. बँक घराला कर्ज देते, या वरच्या खर्चाला देत नाही. तो पैसा खिशात रोख लागतो. आपल्याकडे मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी मिळून त्याहून कमी जातं, बाईच्या नावावर घर घेतलं तर आणखी एक टक्का सुटतो. पण आपल्याकडे कर्जाचं व्याज साडेआठ टक्के आणि तिथे तेव्हा दीड-दोन, तेही दहा वर्षं न बदलणारं. नंतर दरवर्षीचं पाहायचं तर तिथे जमिनीचा कर, विमा, इमारतीचा दरमहा हप्ता. त्या हप्त्यात जिना झाडण्यापासून वीस वर्षांनी छप्पर बदलण्यापर्यंत सगळ्याची तरतूद. जळगावला घरपट्टी, पाणीपट्टी आणि बंद घराचं किमान वीजबिल. तिथल्या एका महिन्याच्या हप्त्यात जळगावची दोन वर्षं निघावीत.

तक्त्यात एक ओळ 'देखभाल' अशी होती. 'इथे'च्या रकान्यात मी मोठा आकडा लिहिला. जळगावच्या रकान्यात लिहिलं: शून्य.

तेव्हा मला ते खरंच वाटलं होतं. दोन वर्षांनी गेलो की घर स्वच्छ असायचं, टाकीत पाणी असायचं, देव्हाऱ्यातली समई घासलेली. किल्ली अक्काकडे होती. ती अधूनमधून जाते हे मला माहीत होतं. पण धुळ्याहून पारोळा, एरंडोल करत दोन-अडीच तास एसटीत बसून ती यायची, दिवसभर झाडायची, पुसायची आणि तसंच परत जायची, हे माझ्या रेघांमध्ये कुठे बसणार? त्याचं बिल कधी आलंच नव्हतं.

तक्त्याचा निकाल सरळ होता. जळगावचं घर विकलं तर जर्मनीतला वरखर्च आणि सुरुवातीची रक्कम सुटत होती. अडचण एकच होती. घर दोघांचं होतं. अक्काला विचारावं लागणार होतं, आणि अक्काला घर नव्हतं. दाजींची जिनिंग मिल बंद पडून ते एका दुकानात हिशेब लिहायला लागले होते. अक्का साड्यांना फॉल-पिको करायची. अकरा महिन्यांचा भाडेकरार संपला की मालक एक तर भाडं वाढवायचा, नाही तर खोल्या मागायचा. सासरचं घर दाजींच्या भावांमध्ये वाटलं जाऊन संपलं होतं.

तिला विचारलं आणि ती 'नको' म्हणाली, तर? मला वाटतं, मी त्यालाही भ्यालो नाही. मी भ्यालो ते ती 'हो' म्हणेल आणि म्हणताना माझ्याकडे पाहील, त्याला.

आमच्याकडे बहिणींनी हक्क सोडायची रीत आहे. सरकारने वाटा दिला, पण रीतीने तो परत घेतला. वडील गेले की वर्षाच्या आत बहिणी येतात, कागदावर सही करतात, भाऊ त्यांना साडीचोळी करतो आणि माहेर शाबूत राहतं. जी सही करत नाही तिला माहेरची वाट बंद होते. मी जर्मनीत बसून या रीतीबद्दल चारचौघांत वाईट बोललेलो आहे. म्हणूनच कदाचित मला ती उघडपणे वापरायची लाज वाटली आणि मी ती लपवून वापरली.

निबंधक कार्यालयाबाहेर पत्र्याच्या शेडखाली दस्तलेखक बसले होते. वयस्कर, चष्म्याला दोरी. मी कागद आधीच करून ठेवायला सांगितला होता. अक्का निळ्या काठाची साडी नेसून आली, हातात पिशवी. पिशवीत वांग्याचं भरीत आणि ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, कळण्याच्या भाकरी. "सरकारी काम, किती वेळ लागेल काय माहीत. उपाशी नको राहायला," म्हणाली.

दस्तलेखकांनी कागद तिच्यापुढे सरकवला. तिने चष्मा पदराने पुसला, पहिल्या पानाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

"काय रे भाऊ, नावं लावायला एवढी पानं?"

"सरकारी काम, अक्का."

दस्तलेखक मला म्हणाले, "ताईंना एकदा वाचून दाखवू का? मी बायांना वाचून दाखवतोच. मागाहून भानगडी होतात."

"गरज नाही काका. घरचंच आहे."

अक्का अजून माझ्याकडेच पाहत होती. लग्नानंतर इतकी वर्षं धुळ्यात काढून तिच्या तोंडात तिकडची बोली बसली आहे. जवळच्या माणसाशी बोलताना तीच येते. ती म्हणाली, "तू वाची लिधं ना? मंग व्हयनं." आणि हसली. तू वाचलंस ना, मग झालं. तिने प्रत्येक पानावर सही केली. दहावीपर्यंत शिकलेली आहे, तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं.

आत कॅमेऱ्यापुढे फोटो झाला, यंत्रावर अंगठा झाला. समोरच्या माणसाने मान वर न करता विचारलं, "सही तुमचीच ना ताई? राजीखुशीने?"

"हो."

मुद्रांक दोनशे रुपयांचा होता. अर्ध्या घराला दोनशे रुपये.

बाहेर आल्यावर दस्तलेखकांनी मला बाजूला घेतलं. "ताईंना साडीचोळी करा बरं. कोरडा हक्क घेऊ नये." मी लगेच बाजारात जाऊन साडी घेतली, चांगली, महाग. अक्का म्हणाली, "हे कशाबद्दल?"

"आखाजीची."

"आखाजीला तीन महिने आहेत अजून."

"तेव्हा मी कुठे असणार इथे?"

तिने साडी घेतली, पिशवीत रिकाम्या डब्यावर ठेवली. तिने आणलेलं भरीत मी दोन वेळा मागून खाल्लं होतं, हे मला अजून आठवतं.

त्या वर्षीच्या आखाजीच्या आधीच घर विकलं गेलं. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, पण खान्देशात त्या सणाला दिवाळीहून जास्त मान आहे. लग्न झालेल्या मुली माहेरी येतात, कडुनिंबाला झोका बांधतात, आमरस आणि खापरावरचे मांडे होतात. आणि सकाळी घागर भरायची असते. मातीची नवी घागर, तिच्यावर डांगर, म्हणजे तुम्ही ज्याला खरबूज म्हणता ते. गेलेल्या वडीलधाऱ्यांच्या नावाने ती भरायची आणि विस्तवावर तूप-पुरणाचा घास सोडायचा. वडिलांची घागर मुलाच्या घरी भरतात. मी परदेशी, म्हणून अक्का जळगावला जाऊन माझ्या नावाने ती भरायची.

मी फोन केला. घर विकलं, असं एका दमात सांगितलं. परदेशात राहणाऱ्याने घर विकलं की घेणारा कर कापूनच पैसे देतो, मग तो परत मिळवायला कागदांची किती यातायात होते, हेही सांगितलं. बोलत राहिलो, कारण थांबलो असतो तर ती बोलली असती.

शेवटी थांबलो. ती म्हणाली, "मग ती सही?"

"त्यासाठीच होती."

"बरं," अक्का म्हणाली. आणि विचारलं, "आबांची घागर कुठे भरू मग?"

मी म्हणालो, "बघू काहीतरी."

दोन महिन्यांनी मी आणि बायको तिकडच्या घराच्या खरेदीसाठी नोटरीकडे गेलो. आपल्याकडे नोटरी म्हणजे कोर्टाबाहेर टेबल टाकून शिक्का मारणारा माणूस. तिथला नोटरी मोठा कायदेपंडित असतो आणि खरेदीखत त्याने दोन्ही पक्षांसमोर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचायचं, असा कायदा आहे. ऐकणाऱ्याला भाषा नीट येत नसेल तर दुभाषा बसवावा लागतो. माझी जर्मन कामापुरती, कायद्याची नव्हती. म्हणून एक दुभाषी बाई इंग्रजीत सांगायला आल्या होत्या. त्यांचे पैसे आम्हीच दिले. तक्त्यात मी ती ओळ मागाहून वाढवली होती आणि कुरकुरलोही होतो.

नोटरी वाचत होते. एक पान, मग दुभाषी बाई, मग पुढचं पान. दोन तास चाललं. मध्येच नोटरी थांबले आणि चष्म्यावरून माझ्या बायकोकडे पाहू लागले. दुभाषी बाई म्हणाल्या, "ते विचारताहेत, तुम्हाला हे कलम समजलं का. तुम्ही मान हलवलीत, पण त्यांना वाटतं समजलं नाही. न समजता पुढे जायचं नाही, असं ते म्हणतात." बायको ओशाळून हसली, आणि खरंच समजलं नव्हतं असं म्हणाली. नोटरींनी ते कलम पुन्हा, सावकाश, साध्या शब्दांत सांगितलं.

मला पत्र्याची शेड दिसली. 'ताईंना वाचून दाखवू का?' असं विचारणारे दोरीच्या चष्म्याचे काका दिसले. त्यांनी तर फुकट वाचून दाखवलं असतं.

बाहेर आल्यावर बायको म्हणाली, "किती मानाने विचारतात ना." मी हो म्हणालो. तिलाही मी तेव्हा सांगितलं नव्हतं. अक्काने आपणहून वाटा दिला, असंच तिला वाटत होतं.

घर आमचं झालं. चांगलं आहे. खिडकीतून चर्चचा मनोरा दिसतो, हिवाळ्यात भिंती गरम राहतात. पहिल्या वर्षी मी दर शनिवारी स्वतःच्या हाताने काही ना काही ठोकत, रंगवत होतो. पण या घरात एकही आखाजी मला धड गेली नाही. त्या दिवशी मी अक्काला फोन करायचो. ती विचारायची, "कसा शे भाऊ? थंडी शे का अजून?" मी विचारायचो, तुझं कसं? ती म्हणायची, "बठ्ठं बरं शे." सगळं बरं आहे. मधल्या काळात तिने तीनदा खोल्या बदलल्या. प्रत्येक वेळी नवा पत्ता मला व्हॉट्सअ‍ॅपवर यायचा, खाली एकच ओळ, 'लिहून ठेव.' मी लिहून ठेवायचो.

मग यंदा, फेब्रुवारीत, ज्यांनी जळगावचं घर घेतलं त्यांचा फोन आला. ते वरचा मजला चढवत होते. कर्जासाठी बँकेला घरपट्टीच्या जुन्या पावत्या हव्या होत्या, आमच्या काळातल्या. "सळया एकदम चांगल्या निघाल्या हो," ते म्हणाले. "मिस्त्री म्हणतो, इतकी वर्षं उघड्यावर राहून गंज नाही. रंग मारत होतात वाटतं तुम्ही?"

मी पावत्या कधी पाहिल्याच नव्हत्या. अक्काला विचारलं. तासाभरात तिने फोटो पाठवले. आबा गेल्यानंतरच्या सगळ्या पावत्या, घरपट्टी, पाणीपट्टी, वीज. पैसे भरणाऱ्याच्या जागी तिचं नाव. मी कधी विचारलं नव्हतं की हे कोण भरतं. आपोआप जातं, असं काहीतरी वाटत असावं. फोटो तिने पाठपोट काढले होते, बँकेला दोन्ही बाजू लागतील असं वाटून. मागच्या बाजूला तिच्या सुंदर अक्षरात तारखा आणि कामं होती. टाकी धुतली. गच्ची झाडली, पन्हळ मोकळी केली. मागच्या खोलीत ओल, मिस्त्रीला दाखवलं. आणि वर्षातून एकदा, दिवाळीच्या आधी: सळयांना रंग.

फॉल-पिको करणाऱ्या बाईने भाड्याच्या खोलीतून येऊन वरच्या मजल्याच्या सळयांना दरवर्षी रंग मारला होता. तो मजला तिचा होता. आणि मी तक्त्यात लिहिलं होतं, शून्य.

त्या दिवशी मी बायकोला सगळं सांगितलं. तिने पावत्यांचे फोटो एकेक करून पाहिले. मग म्हणाली, "तिकीट काढ." मी आखाजीचं तिकीट काढलं आणि जळगावच्या वकिलांकडून त्या दस्ताची नक्कल मागवून घेतली.

धुळ्याला सकाळीच पोचलो. ऊन आधीच रणरणत होतं. अक्काची खोली देवपूर भागात, एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर. दाजी कामावर गेले होते. शिवणयंत्रावर चादर टाकलेली. खिडकीखाली एका पाटावर घागर भरून ठेवली होती, वर डांगर.

"कोणाची?" मी विचारलं. खरं तर मला कळलं होतं.

"आबांची. सासरच्यांची दिराकडे भरतात. ही मी भरते. पहिल्या वर्षी माझी जाऊ म्हणाली, बापाची घागर लेकीने भरू नये. मी म्हटलं, मग तू सांग कुठे नेऊ?" ती पाणी घेऊन आली. "केस किती पांढरे झाले रे तुझे! तिकडे मेंदी मिळत नाही का?"

मी हसू शकलो नाही. पाणी प्यालो आणि पिशवीतून दस्ताची नक्कल काढली. तिला जर्मनीतल्या नोटरीची गोष्ट सांगितली, वाचून दाखवायचा कायदा, दुभाषी बाई, बायकोने मान हलवलेली. ती लक्ष देऊन ऐकत होती.

"आणि नाहीच समजलं म्हटलं तर?"

"तर थांबतात."

"दोन तास?"

"लागेल तेवढा वेळ."

"अरे वा," ती म्हणाली.

"अक्का, मी तुला हे वाचून दाखवायला आलो आहे. सात वर्षांपूर्वी दाखवायचं होतं." मी पहिलं पान उघडलं. "हक्कसोड पत्र," मी वरचं नाव वाचलं.

"ते माहीत आहे मला. पुढचं वाच."

मी थांबलो.

"माहीत आहे म्हणजे?"

"अरे, केवढ्या मोठ्या अक्षरात होतं ते पहिल्या पानावर. मी काय आंधळी शे?" ती शांतपणे म्हणाली. "मी वाचलं, मग तुझ्याकडे पाहिलं. म्हटलं, आता सांगेल. तू म्हणालास सरकारी काम. त्या काकांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाटलं, आता सांगेल."

"मग सही का केलीस?"

"एवढ्या लांबून येऊन तिथे तमाशा करू? सख्ख्या भावाला लोकांपुढे खोटं पाडू?" तिने पदराने कपाळ टिपलं. "आणि सगळ्याच सोडतात रे. माझ्या नणंदांनी सोडला, आईने सोडला होता. मागून घेतला असतास तर मीही दिला असता बहुतेक."

मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "आणि नसता दिला तर? तेही मला म्हणता आलं असतं ना. हो म्हणायचं का नाही, ते माझं होतं. ते तू घेतलंस. घराचं सोड."

मग म्हणाली, "वाच."

मी वाचलं. चतुःसीमा वाचल्या, पूर्वेला रस्ता, पश्चिमेला दुसऱ्याचा प्लॉट. 'तीन खोल्या, जिना व गच्चीसह' वाचलं. त्यात सळयांचा उल्लेख नव्हता. प्रत्येक परिच्छेदानंतर थांबून मी विचारत होतो, समजलं? आणि ती शाळेतल्या मुलीसारखी 'हो' म्हणत होती. शेवटी ते वाक्य आलं जे अशा प्रत्येक कागदावर असतं: 'सदर हक्कसोड पत्र मी स्वतः वाचून, समजून उमजून, राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून दिले आहे.'

"हे कोणी लिहिलं?" तिने विचारलं.

"छापील असतं."

"पण बोलणारी मी आहे ना त्यात?"

"हो."

ती उठली, कपाटातून एक प्लास्टिकची पिशवी आणली. त्यात पावत्या होत्या, जळगावच्या घराची जुनी किल्ली होती आणि खाली ती साडी, दुकानाची चिठ्ठी अजून तशीच टोचलेली. एकदाही घडी मोडली नव्हती. तिने पिशवी माझ्यापुढे ठेवली नाही, स्वतःच्या मांडीवर ठेवून बसली.

मी म्हणालो, निम्मे पैसे, आजच्या भावाने, दोन हप्त्यांत तुझ्या नावावर पाठवतो, कागद करून आणला आहे. ती म्हणाली, "ते दाजी आले की बोल. पैशाचं पैशाच्या जागी. घेईन मी, नको म्हणणार नाही." मग घागरीकडे पाहिलं आणि मला म्हणाली, "कागदातलं झालं वाचून. आता तुझं सांग. सावकाश सांग. नाही समजलं तर मी थांबवीन."

मी खाली तिच्यासमोर बसलो.

"अक्का, मी तुला खोटं सांगून तुझी सही घेतली. ते माझ्या हातून झालं नाही, मी केलं. तुला घर नाही हे मला माहीत होतं. वरचा मजला आबांनी तुझ्यासाठी ठेवला होता हे माहीत होतं. तू भांडणार नाहीस हेही माहीत होतं, आणि त्याच्याच भरवशावर मी केलं. तू ते घर सांभाळत होतीस आणि मी एकदाही विचारलं नाही. नंतर सात वर्षं तू 'बरं शे' म्हणालीस आणि ते खरं नाही हे ओळखूनही मी फोन ठेवत राहिलो. मी तुझा अपराधी आहे. मला माफ कर."